धुळीचा माग काढायला शिकवणाऱ्या मॅडमना खुलं पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

डोंगरांवर पडणाऱ्या धुळीवरचा माझा प्रबंध एकदाचा सादर झाला. ऋणनिर्देशात तुमचं नाव आहेच, पण तिथे दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या युइंटा पर्वतरांगेबद्दल मी तुम्हाला पहिल्यांदा विचारलं ते आठवतंय? खाली मुख्यतः क्वार्टझाइट (गारेचा कठीण खडक) आणि वालुकाश्म, म्हणजे कॅल्शियमच्या नावाने ठणठणाट. मग वरच्या मातीत ते आलं कुठून? उत्तर द्यायचं सोडून तुम्हीच मला विचारलंत, "तिथे वारा कुठून येतो?" तिथून माझ्या कामाची दिशाच बदलली. आजूबाजूच्या कोरड्या खोऱ्यांतून उठलेली धूळ हजारो वर्षं त्या माथ्यांवर पडत आली आहे. माती खालच्या खडकातून तयार होते, हे आम्ही सगळे घोकत आलो. ती वरूनही येते, हे कुणी इतकं ठासून सांगितलं नव्हतं.

धूळ पकडायच्या सापळ्याचे फोटो तुम्ही पाठवलेत, तेव्हा मी आधी हसले. केकचं गोल भांडं, त्यात तारेची जाळी, जाळीवर काचेच्या गोट्या! दोन मीटर उंच खांबावर हे सगळं बसवलेलं. पण त्यामागचा विचार पाहा. गोट्यांवर पडलेली धूळ पावसाबरोबर तळाशी जाते आणि तिथून वाऱ्याला ती पुन्हा उचलता येत नाही. पक्ष्यांनी येऊन बसू नये म्हणून भांड्यावरून आडव्या नेलेल्या पट्ट्यांना चिकट लेप. लाखोंच्या यंत्रांवर विश्वास ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे आधी बघायला द्यायला हवं.

प्रयोगशाळेतला तुमचा काटेकोरपणा तर विचारूच नका. परागकण, किड्यांचे पंख, पाइनच्या सुया काढल्याशिवाय वजन करायचं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग गेल्याशिवाय कणांचा आकार मोजायचा नाही. स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू; त्यांचं प्रमाण खडकागणिक बदलतं) धुळीचा उगम कसा ओळखायचा, हे तर तुम्ही माझ्याच आकड्यांवर करून दाखवलंत. दोन उगमांची धूळ मिसळली की उत्तर अंधुक होतं, तेव्हा ते अंधुकच लिहायचं, ओढूनताणून नकाशावर बाण काढायचा नाही, हेही तेव्हाच बजावलंत. प्रबंधातला एक बाण मी त्यामुळे काढून टाकला.

कोलोरॅडोतल्या सॅन वॉन पर्वतांवरचं प्रकरण मात्र मी हट्टाने लांबवलं. ताजा बर्फ 80 टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश परतवतो. धूळ बसली की तो काळवंडतो, तापतो. तिथे धुळीमुळे बर्फ 18 ते 35 दिवस लवकर नाहीसा होतो, असं 2007 च्या अभ्यासात दिसलं. 2008 मध्ये तिथल्याच सरोवरांच्या गाळावरून कळलं, की एकोणिसाव्या शतकात वस्ती आणि चराई वाढल्यावर धूळ आधीच्या काही हजार वर्षांच्या सरासरीपेक्षा 500 टक्क्यांनी वाढली होती. 1934 मध्ये चराईवर निर्बंध घालणारा कायदा आला आणि साधारण त्याच सुमारास धूळही कमी होऊ लागली.

यावर आपलं एकमत होणार नाही, हे मला माहीत आहे. तीच धूळ उंचावरच्या नापीक मातीला कॅल्शियम आणि फॉस्फरस पुरवते, तिला नुसतं गुन्हेगार ठरवू नकोस, असं तुमचं म्हणणं. बरोबर आहे, मी ते लिहिलंही आहे. पण हा बर्फ वितळून खाली येणाऱ्या नदीच्या पाण्यावर जगणाऱ्यांना आधी बर्फाचंच सांगायला हवं, असं मला अजून वाटतं. तुमचा मुद्दा मी नंतरच्या प्रकरणात ठेवलाय. रागावू नका.

सापळ्यांचे फोटो आणि कणांच्या आकाराचे तक्ते, तुम्ही परवानगी दिलीत म्हणून, विभागातल्या पुढच्या मुलांसाठी ठेवले आहेत. समस्थानिकांचं प्रकरण वाचून झालं की नेहमीसारख्या खुणा करून पाठवा. तोंडी परीक्षेत तिथेच धरणार मला.

तुमची,
भूविज्ञानाची एक विद्यार्थिनी