आयोनाच्या अ‍ॅनाबद्दल

सुमे,

फोनवर सांगत होते तेवढ्यात रेंज गेली, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. स्कॉटलंडमधल्या ओबानहून बोट, मग मल बेटावर तासाहून जास्त बस, मग परत एक छोटी बोट, एवढं करून आयोना नावाच्या छोट्या बेटावर पोचले आणि तिथले कबरींवरचे कोरीव दगड बघितल्यापासून डोक्यात दुसरं काही येतच नाहीये.

१४ व्या ते १६ व्या शतकातले दगड गं, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर शेकड्याने आहेत. माणसाएवढी लांब शिळा, मधोमध तलवार, बाजूने वेलबुट्टी, कुठे शिडाचं गलबत तर कुठे हरणामागे धावणारे कुत्रे. तिथे मॅकडोनाल्ड घराण्याचं राज्य होतं, ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ म्हणायचे त्यांना, १४९३ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने तो किताब काढून घेतला, पण दगड कोरणारे हात थांबले नाहीत, १५६० मध्ये देशाने कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट पंथ धरला तिथपर्यंत काम चालूच होतं. कितीतरी दगडांवर नावच नाही. कातर कोरलेली दिसली की बहुधा बाईची कबर समजायची, बस, तेवढीच तिची ओळख. मला फार लागलं ते.

म्हणूनच अ‍ॅना मॅक्लीनच्या दगडापाशी मी खूप वेळ उभी राहिले. तिथल्या जोगिणींच्या मठाची ती प्रमुख, १५४३ मध्ये वारली. हिचं नाव आहे, वडलांचं आहे, वर्षही आहे, सगळं लॅटिनमध्ये. अंगावर मठाचा झगा, हात जोडलेले, उशाशी देवदूत, डोक्यावर आरसा नि फणी, आणि अंगाशी दोन छोटी कुत्री! त्याआधीच्या शतकांत इंग्लंडातले बिशप मठातल्या बायकांना कुत्री पाळू नका म्हणून पुन्हा पुन्हा बजावायचे, आणि इथे कुणीतरी तिची कुत्री कायमची तिच्याजवळ ठेवलीयत. ज्याने ठेवली त्याला ती नीट माहीत होती असंच मला वाटतं.

दगडाचा खालचा अर्धा भाग आता नाहीये. त्यावर बाळाला घेतलेली मेरी होती आणि अ‍ॅनाची प्रार्थना तिलाच होती, ‘सांक्ता मारिया, ओरा प्रो मे’, म्हणजे माझ्यासाठी प्रार्थना कर. मी ते तिथेच हळूच म्हणून बघितलं.

फोटो वेगळे पाठवते, कुत्र्यांवर झूम करून बघ आणि लगेच फोन कर.

तुझीच,
माधवी