ओवाळणी मिळाली; उमेदवारीचे काय?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीला मिळालेल्या यशाचे श्रेय ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेला देणारे इतके लेख आणि इतकी पत्रे प्रसिद्ध झाली, की राज्यातील स्त्री मतदाराविषयी जे काही बोलायचे ते बोलून झाले, असाच कुणाचा समज व्हावा. त्यातल्या बहुतेकांचा सूर दोनपैकी एक होता. बायकांनी दीड हजारात मत विकले अशी नाराजी तरी होती, नाहीतर बहिणींनी भावांच्या पदरात मतांचे दान टाकले अशी कृतज्ञता होती. बाई चार गोष्टींचा विचार करून स्वतःचे मत ठरवते, ही साधी गोष्ट दोन्हींकडे गृहीत धरलेली नव्हती. आणि बायकांच्या नावाने लढवलेल्या त्या निवडणुकीत बायकांच्या वाट्याला सत्तेतले नेमके काय आले, हा हिशेब तर फारसा कुणी मांडला नाही. तो मांडावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी पैशांविषयी. जून 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या या योजनेत वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील 21 ते 65 वर्षे वयाच्या स्त्रियांच्या बँक खात्यात दरमहा 1,500 रुपये थेट जमा करण्याचे ठरले. जिला किराणा आणि रिक्षाभाड्यापुरतेही पैसे नवऱ्याकडे मागावे लागतात, जिला नवऱ्याने टाकले आहे किंवा जी विधवा असून दिरांच्या घरात राहते, तिला स्वतःच्या नावावर येणाऱ्या या रकमेचे मोल काय, हे पगारदार घरात बसून कळणे अवघड आहे. त्याच अर्थसंकल्पात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली होती. सातबारे बहुतांशी पुरुषांच्या नावावर असल्याने ती सवलत मुख्यतः पुरुषांच्या पदरात पडली. तरी शेतकरी पुरुषांनी विजेच्या बिलावर मत विकले, असे म्हणण्याचे धाडस कुणी केले नाही. आपला फायदा पाहून मत देणारा पुरुष व्यवहारी आणि तेच करणारी बाई भुललेली, हा न्याय चांगल्या शिकलेल्यांच्या पत्रांतूनही आढळावा, याचे वाईट वाटते. स्त्रियांचे मतदान 2019 च्या सुमारे 59 टक्क्यांवरून 2024 मध्ये सुमारे 65 टक्क्यांवर गेले हे खरे. पण त्या वर्षी पुरुषांचेही मतदान वाढले होते, हे या चर्चेत सोयीस्करपणे विसरले जाते.

तेव्हा माझा आक्षेप पैशाला नाही, तो देण्याच्या रीतीला आहे. पहिले हप्ते रक्षाबंधनाच्या तोंडावर जमा झाले आणि सरकारी तिजोरीतला पैसा बघता बघता भावांनी घातलेली ओवाळणी ठरला. त्या तिजोरीत बायकाही भर घालतात, साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरतात, हे एकदा नजरेआड केले की देणाऱ्याला हक्क आठवतात आणि घेणारीला उपकार आठवावे लागतात. ऑगस्ट 2024 मध्ये अमरावती जिल्ह्यातील बडनेऱ्याचे आमदार रवी राणा यांनी, आशीर्वाद दिला नाही तर दीड हजार परत काढून घेऊ, असे जाहीर कार्यक्रमात सांगितले आणि टीका झाल्यावर ती थट्टा असल्याचा खुलासा केला. ऐन प्रचारात कोल्हापूरला खासदार धनंजय महाडिक यांनी योजनेचे पैसे घेऊन काँग्रेसच्या सभांना जाणाऱ्या बायकांचे फोटो काढून ठेवायला सांगितले. त्यावरून गुन्हा नोंदवला गेला आणि त्यांनी माफीही मागितली. ओवाळणी टाकून वर बहिणीची हजेरी घेणारा भाऊ निदान आमच्या घराण्यात तरी कुणी पाहिलेला नाही. विरोधकांनी या रीतीलाच आव्हान द्यायला हवे होते, पण त्यांनी रक्कम तेवढी वाढवली. महाविकास आघाडीने ‘महालक्ष्मी’च्या नावाने दरमहा 3,000 रुपयांचे व मोफत बसप्रवासाचे आश्वासन दिले, महायुतीने 2,100 रुपयांचे दिले, आणि प्रचाराचे उरलेले दिवस लिलावात बोली चढावी तसे गेले.

या योजनेचे अर्ज कुणी भरून घेतले, हा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो. गावोगावी ते काम मोठ्या प्रमाणावर अंगणवाडी सेविकांनी केले आणि त्याबद्दल अर्जामागे 50 रुपये प्रोत्साहन भत्ता ठरवण्यात आला. याच सेविका 4 डिसेंबर 2023 पासून पुढच्या जानेवारीपर्यंत मानधनवाढ, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी या मागण्यांसाठी संपावर होत्या, आणि त्यांच्या पाठोपाठ आशा सेविका आझाद मैदानात येऊन बसल्या होत्या. ग्रॅच्युइटीचा कायदा अंगणवाडी सेविकांना लागू होतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात एप्रिल 2022 मध्येच दिलेला आहे. म्हणजे त्यांची ही मागणी कुणाच्या मेहेरबानीची नव्हती. कामाचा मोबदला मागणाऱ्यांना आठवडेच्या आठवडे रस्त्यावर बसवायचे, आणि ज्यांनी मागितले नव्हते त्यांना त्याच वर्षी घरबसल्या द्यायचे, यामागचे राजकारण समजायला फार अभ्यास लागत नाही. संघटना करून आपल्या श्रमाचे दाम मागणारी स्त्री सरकारशी समोरासमोर बसून बोलते, करार लिहून मागते, तो मोडला तर पुन्हा मैदानात येते. हप्त्याची वाट पाहणारी स्त्री एकेकटी असते, आणि कोट्यवधी एकेकट्या बायकांना सांभाळणे कोणत्याही सरकारला काही हजार संघटित बायकांना सांभाळण्यापेक्षा सोपे जाते. स्त्रियांच्या समतेचे राजकारण करणाऱ्या पक्षाची परीक्षा इथे होते, आणि त्या परीक्षेला 2024 मध्ये फारसे कुणी बसलेच नाही.

बीडचे उदाहरण याहून कठोर आहे. ऊसतोडणीला जाताना नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दोघांच्या नावावर घेतली जाते आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड पडतो. पाळीच्या आणि गर्भाशयाच्या त्रासामुळे खाडे होऊ नयेत म्हणून तरुण वयातच पिशवी काढून टाकणाऱ्या बायकांची संख्या इतकी वाढली, की 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्या जिल्ह्यातल्या 2024 च्या प्रचारात जातींची गणिते कानावर सतत पडत होती. फडावरच्या बायकांसाठी शौचालय, दवाखाना आणि पगारी सुटी यांविषयी किती सभांत बोलले गेले, हे तिथल्या वाचकांनीच सांगावे.

आता उमेदवारीकडे वळते. त्या निवडणुकीत 4,136 उमेदवार उभे होते आणि त्यांत स्त्रिया होत्या 363. निवडून आल्या 21: भाजपच्या 14, राष्ट्रवादी काँग्रेसच्या 4, शिवसेनेच्या 2 आणि काँग्रेसची 1. पुरोगामित्वाचा वारसा सांगणाऱ्या उद्धव ठाकरे आणि शरद पवार यांच्या पक्षांतून एकही स्त्री विधानसभेत पोहोचली नाही. 2019 मध्ये 24 स्त्रिया निवडून आल्या होत्या. म्हणजे बहिणींचा एवढा जयघोष होऊन सभागृहातल्या बहिणी तिघींनी कमी झाल्या. सप्टेंबर 2023 मध्ये लोकसभेने 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर केलेली महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लागू असती, तर 288 पैकी 96 मतदारसंघ स्त्रियांसाठी राखीव राहिले असते. ती दुरुस्ती जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरच अमलात येणार, अशी तरतूद तिच्यातच आहे. बाके वाजवून तिला पाठिंबा देणाऱ्या पक्षांनी त्या तरतुदीच्या आडोशाला बसून अवघ्या वर्षभरात आपल्या याद्या जुन्याच हिशेबाने केल्या.

कायद्याविना हे करता येत नाही, असे कुणी म्हणू नये. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत ओडिशात बिजू जनता दलाने 21 पैकी 7 जागी स्त्रियांना उभे केले आणि त्यांतल्या 5 निवडून आल्या; अस्का मतदारसंघातून जिंकलेल्या प्रमिला बिसोई या बचतगटातून पुढे आलेल्या, जेमतेम शाळा पाहिलेल्या बाई होत्या. त्याच वर्षी तृणमूल काँग्रेसने 42 पैकी 17 उमेदवाऱ्या स्त्रियांना दिल्या. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2022 मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसने 40 टक्के उमेदवाऱ्या स्त्रियांना दिल्या, पण पक्षाला एकूण 2 जागा मिळाल्या. जिथे पक्षाची ताकद उरलेली नाही तिथे स्त्रियांना उभे करणे स्वस्त असते. जिंकणारी जागा सोडायची वेळ येते तेव्हा हात आखडतात. आपल्याकडे अशा वेळी ‘निवडून येण्याची क्षमता’ हा शब्दप्रयोग हमखास बाहेर निघतो. ही क्षमता येते कुठून? साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि ठेकेदारी यांच्या जोरावर ती उभी राहते, आणि या सर्व जागांवर पिढ्यान्‌पिढ्या पुरुष बसलेले आहेत. मग स्त्रीला उमेदवारी मिळते ती बहुधा अशा घरची मुलगी, सून किंवा पत्नी असली तर. त्यावरून तिला हिणवण्यात अर्थ नाही, कारण घराण्याच्या पुण्याईवर आलेले पुरुष सभागृहात कितीतरी अधिक आहेत आणि त्यांना कुणी वडिलांचे नाव विचारत नाही. मंत्रिमंडळाचे चित्र वेगळे नाही. ऑगस्ट 2022 मधील विस्तारापासून जुलै 2023 मध्ये आदिती तटकरे यांचा शपथविधी होईपर्यंत राज्याच्या मंत्रिमंडळात एकही स्त्री नव्हती, आणि त्याचे कुणाला फारसे वैषम्य वाटल्याचे दिसले नाही.

प्रचारातल्या भाषेवर थोडक्यात लिहिते, कारण तो विषय चघळण्यातच वृत्तवाहिन्यांचे दिवस गेले. महायुतीच्या शायना एन. सी. यांच्या उमेदवारीवर बोलताना महाविकास आघाडीचे खासदार अरविंद सावंत यांनी ‘माल’ म्हटले आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. संगमनेर तालुक्यात धांदरफळच्या सभेत काँग्रेसच्या जयश्री थोरात यांच्याविषयी जे बोलले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाही. एक उद्गार एका आघाडीच्या नेत्याचा, दुसरा विरोधी आघाडीच्या सभेतला. दोन्ही बाजूंच्या महिला आघाड्या रस्त्यावर उतरल्या, पण प्रत्येक आघाडी फक्त समोरच्याच्या अपशब्दासाठी. बदलापूरच्या शाळेतील अत्याचारानंतर ऑगस्टमध्ये लोकांनी रेल्वे अडवली, ती पोलिसांनी तक्रार घ्यायला लावलेल्या विलंबामुळे. आरोपी पोलिसांच्या गोळीने मेल्यावर ‘बदला पुरा’चे फलक लागले आणि तक्रार वेळेत का घेतली गेली नाही, हा प्रश्न त्या फलकांमागे गेला.

महाराष्ट्रात याहून वेगळे राजकारण झालेले आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे मुंबईत काढले, तेव्हा रॉकेल आणि तेल हे स्वयंपाकघराचे विषय राज्याच्या राजकारणाचे विषय झाले. दोघी 1977 मध्ये लोकसभेवर निवडून आल्या त्या त्याच कामाच्या बळावर. आमच्या नाशिक जिल्ह्यात चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमातून अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर केला. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या अर्थविचारांशी माझे जुळत नाही, पण बाईला सातबाऱ्यावर आणणारा तो कार्यक्रम आजच्या कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा पुढचा होता, हे मान्य करावेच लागते.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी अमक्याची आई, तमक्याची बायको अशी नोंद असलेल्या आणि स्वतःचे नाव न दिलेल्या सुमारे 28 लाख स्त्रिया मतदारयादीतून वगळल्या गेल्या होत्या. बाईने स्वतःचे नाव दिलेच पाहिजे, हा मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा आग्रह तेव्हा अनेकांना जाचक वाटला. आज जिल्हा परिषदांत, पंचायतींत आणि नगरपालिकांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तरी प्रचारफलकावर उमेदवार बाईच्या फोटोपेक्षा पतीचा फोटो मोठा असतो, आणि वृत्तपत्रेही ‘माजी नगरसेवकांच्या पत्नी रिंगणात’ असाच मथळा देतात. स्थानिक पुरवण्यांत स्त्री उमेदवारांची ओळख देताना तिचे स्वतःचे शिक्षण, काम आणि भूमिका आधी द्यावी. त्याचबरोबर प्रत्येक उमेदवाराला, मग तो पुरुष असो वा स्त्री, तीन प्रश्न लेखी विचारावे: आपल्या पक्षाच्या जिल्हा कार्यकारिणीत स्त्रिया किती आहेत, आपण ज्या कारखान्याच्या, बँकेच्या वा शिक्षणसंस्थेच्या संचालक मंडळावर आहात तिथे किती आहेत, आणि अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीविषयी आपली भूमिका काय आहे. उत्तरे जशी येतील तशी छापावी, आणि ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांच्या नावापुढची जागा कोरी ठेवून छापावी.

आपली,
एक वाचक,
नाशिक