दिग्याला पत्र: अडीच मिनिटांचा डॅशबोर्ड

नोव्हाय, मिशिगन
२३ मार्च २०२५

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, पोरं रोबोट चालवतात तेव्हा पडद्यावर नेमकं बघतात तरी काय? माझं उत्तर तुला पटणार नाही. जमेल तितकं कमी बघावं, हे ते उत्तर. पण पोरांना हे पटवता पटवता अख्खा सीझन निघाला.

एफआरसी म्हणजे हायस्कूलच्या पोरांच्या संघांची रोबोट स्पर्धा, तिचा सामना अडीच मिनिटांचा. पहिले पंधरा सेकंद रोबोट आपल्या अकलेनं चालतो, उरलेली सव्वादोन मिनिटं पोरं काचेमागून जॉयस्टिकवर. समोरच्या फळीवर लॅपटॉप. त्याच्या पडद्याची खालची पट्टी ड्रायव्हर स्टेशनचा प्रोग्राम खातो, वर जे उरतं त्यात डॅशबोर्ड, म्हणजे रोबोटची खबर दाखवणारा प्रोग्राम. यंदा शफलबोर्ड सोडून आम्ही इलॅस्टिक घेतला. तोही याच स्पर्धेतल्या ३५३ क्रमांकाच्या संघातून आलेला. रोबोटचा कोड जी किंमत नेटवर्क टेबल्समध्ये, म्हणजे रोबोट आणि लॅपटॉपच्या सामाईक वहीत, टाकेल ती यादीत दिसते. ती पडद्यावर ओढायची, बोटभर हवी की वीतभर ते ठरवायचं, नुसता आकडा, काटा की आलेख ते निवडायचं. इतकं सोपं असल्यावर काय होणार? ज्यानं रोबोटचा पंजा वर-खाली करणाऱ्या लिफ्टचा कोड लिहिला त्याला लिफ्टची उंची दोन दशांशांपर्यंत हवी, चाकंवाल्याला चारही मोटारींचं तापमान हवं. पडदा म्हणजे लग्नातली आहेराची यादी झाली, कुणाचंच नाव गाळायची सोय नाही.

मग तुझं चाकणच्या कारखान्यातलं शास्त्र त्यांना ऐकवलं. कंट्रोल रूमचा पडदा राखाडी, रंग फक्त काही बिघडलं तरच. "पण ते बोअर दिसतं!" अर्थातच. शेवटी तह झाला. पिटसाठी, म्हणजे दोन सामन्यांमध्ये रोबोट दुरुस्त करायच्या जागेसाठी, एक टॅब, त्यात कुणी काय हवं ते भरावं. सामन्यासाठी दुसरा, त्यात काही घालायचं तर ड्रायव्हरची परवानगी. टॅब रोबोटच्या कोडमधूनच बदलता येतो, त्यामुळे सामना सुरू झाला की दुसरा टॅब आपोआप पुढे येतो. मांडणीची फाइलही कोडसोबत रोबोटवरच ठेवलीय. लॅपटॉप ऐनवेळी बदलला तरी ती तिथून उतरवून घेता येते.

सामन्याच्या टॅबवर उरलं काय? ऑटोनॉमसचा, म्हणजे त्या पहिल्या पंधरा सेकंदांचा, कार्यक्रम निवडायची यादी, पंजात यंदाच्या खेळातला पाइप आलाय का ते सांगणारा ठोकळा आणि बॅटरीचं व्होल्टेज. ठोकळा आधी लाल-हिरवा होता. आमच्या एका पोराला ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत, म्हणून निळा-पिवळा केला. बॅटरीचं म्हणशील, तर बारा व्होल्टची असली तरी लिफ्ट वर जाताना चाकंही जोरात फिरली की आकडा धपकन खाली येतो. आमच्या रोबोरिओ २ वर, म्हणजे रोबोटच्या मुख्य कॉम्प्युटरवर, तो ६.७५ च्या खाली गेला की मोटारीच बंद.

खरी मजा षटकोनाची. यंदाच्या खेळात मैदानावर सहा बाजूंचा 'रीफ' आहे, दर बाजूला दोन असे बारा खांब, ए ते एल. प्रत्येक खांबावर तीन पातळ्यांना फांद्या, त्यांवर पीव्हीसीचे पाइप अडकवायचे. पुढचा पाइप कुठे, हे दुसरी ड्रायव्हर ठरवते. असा षटकोन इलॅस्टिकमध्ये तयार मिळत नाही, म्हणून तिनं स्वतःच वेब पान लिहून नेटवर्क टेबल्सला जोडलं. बोट लावलं की रोबोटला कळतं. आधी तिनं प्रत्येक बाजूला 'डावा', 'उजवा' लिहिलं होतं. रीफच्या पलीकडच्या बाजूला रोबोट आपल्याकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे त्याचा डावा तो आपला उजवा! तिनं ते शब्दच काढून टाकले. आता काचेतून जसा दिसतो तसाच षटकोन पडद्यावर आहे, ए-बीची बाजू खाली, आपल्याजवळ. मैदानाचा एक अर्धा भाग फिरवला की दुसरा होतो, त्यामुळे लाल असो वा निळा संघ, चित्र तेच चालतं. मला तर हे पान रोबोटपेक्षा जास्त आवडलंय.

ती आता म्हणते, बॅटरीचा आकडाही काढा, तो बघून मी करणार काय? त्याऐवजी व्होल्टेज पडलं की कोडनंच लिफ्ट हळू करावी. लिफ्टवाला चिडलाय. मला तिचं पटतंय, पण तुझ्याकडे असे वाद रोजचे. काय म्हणतोस ते सविस्तर लिही, आणि तुझ्या नव्या लाइनच्या पडद्याचा फोटो दाखवता येत असेल तर पाठव. पोरांना दाखवीन.

वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझा,
अव्या