वॉरफरिन आणि स्टॅटिन: एका मित्रास पत्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. पायाच्या शिरेत गुठळी झाल्यापासून तू वॉरफरिन हे रक्त गोठण्याची क्रिया मंद करणारे औषध घेतो आहेस, त्यात आता रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या, स्टॅटिन वर्गातल्या गोळीची भर पडली आहे, आणि स्टॅटिननेही रक्त पातळ होते असे कुणी सांगितल्यामुळे वॉरफरिन सोडावे काय, असे तू विचारतोस. सोडू नकोस. कारण जरा सविस्तर लिहितो.

आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीसाठी, तुझे रक्त निळ्या टोपणाच्या, सायट्रेट (रक्त गोठू न देणारे रसायन) घातलेल्या नळीत घेतात. त्यातला पिवळसर प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशींवाचूनचा द्रव, आम्ही प्रयोगशाळेत वेगळा काढतो आणि ३७ अंश सेल्सिअसला आणून त्यात टिश्यू फॅक्टर (रक्त गोठण्याची सुरुवात करून देणारे प्रथिन) व कॅल्शियम असलेले द्रावण सोडतो. निरोगी माणसाचा प्लाझ्मा साधारण १२ सेकंदांत गोठतो, वॉरफरिन घेणाऱ्याचा त्याच्या दुपटीने किंवा त्याहूनही जास्त वेळ घेतो. केवळ स्टॅटिन घेणाऱ्याच्या प्लाझ्मात मात्र सहसा फरक दिसत नाही. रक्त पातळ करणारे औषध म्हणतात ते हे नव्हे.

तरीही गुठळीशी स्टॅटिनचा संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. धमनीच्या अस्तरात साचलेल्या चरबीच्या थरात तोच टिश्यू फॅक्टर दडलेला असतो, जो आम्ही नळीत हाताने घालतो. थरावरचे पातळ कवच फाटले की रक्त त्याला भिडते, जागच्या जागी गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका येतो. स्टॅटिनमुळे यकृतात कोलेस्टेरॉल कमी तयार होते, थरातला दाह ओसरतो, कवच घट्ट होते. शिवाय पेशी टिश्यू फॅक्टरही कमी बनवतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

शिरांमध्ये असा चरबीचा थर नसतो, म्हणून २००९ साली प्रसिद्ध झालेले ज्युपिटर चाचणीचे आकडे मला विशेष वाटतात. त्या चाचणीत १७,८०२ जणांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली होती. सुमारे दोन वर्षांत शिरेतली किंवा तिथून फुफ्फुसात गेलेली गुठळी पहिल्या गटात ३४ जणांना आणि दुसऱ्यात ६० जणांना झाली. टक्केवारीत हा फरक ठसठशीत दिसतो, पण प्रत्येक गटात जवळजवळ नऊ हजार माणसे होती हे विसरू नकोस. आणि ज्याला गुठळी आधीच होऊन गेली आहे त्याचे वॉरफरिन काढून घेण्याचा प्रश्न त्या चाचणीत नव्हताच.

तुझ्या बाबतीत खरी काळजी उलट दिशेची आहे. रोसुव्हास्टॅटिन सुरू केल्यावर वॉरफरिनचा परिणाम वाढून आयएनआर चढू शकतो, म्हणजे रक्तस्रावाची भीती वाढते. सिम्व्हास्टॅटिन आणि फ्लुव्हास्टॅटिननेही तसे होते, अटोर्व्हास्टॅटिनने सहसा नाही. (रक्तातली चरबी कमी करणाऱ्या इतर औषधांपैकी फेनोफायब्रेट तर याबाबतीत अधिकच खोडकर, कोलेस्टिरामीन मात्र आतड्यात वॉरफरिनलाच धरून ठेवते, त्यामुळे परिणाम घटतो.) म्हणून नवी गोळी सुरू करताना आणि तिचा डोस बदलताना आयएनआर लवकर तपासावा लागतो. हिरड्यांतून रक्त येणे, काळी शौचास होणे, न लागताच अंगावर निळे डाग उठणे, यांतले काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

रोसुव्हास्टॅटिन कोणत्या तारखेला सुरू झाले आणि त्यानंतर आयएनआर तपासला का, हे तू लिहिलेले नाहीस. तेवढे कळव, आणि मागचे तीन रिपोर्टही सोबत पाठव.

तुझा,
विनायक