कावळा न शिवलेली

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की बाबा लगेच "आईकडे देतो" म्हणतात आणि आईचं गॅसवर दूध असतं. म्हणून कागद घेतला. जेवण आणि बीपीची गोळी झाल्यावर, दोघांनी शेजारी बसून वाचा. आई, चष्मा फ्रिजवर असेल.

आधी जे होऊन गेलंय ते सांगते. मी छोटीला सगळं सांगितलं. 2003 चं माझं ऑपरेशन कशाचं होतं, पिवळ्या फाईलमध्ये काय आहे, सगळं. तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर तुम्ही "थांब, विचार करू" म्हणाला असतात आणि त्या पोरीला थांबायला वेळ नव्हता.

आणि हो, मला माहीत आहे. 2013 च्या दिवाळीपासून. मनगट मोडलं, तपासणीत हाडं साठीच्या बाईसारखी निघाली आणि इथल्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद मागितले. आई, तू खाली चकल्या तळत होतीस आणि मी गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात हात घातला, तुझ्या शालूखाली. '46, एक्सवाय'. म्हणजे मुलग्याची गुणसूत्रं. तेव्हापासून तुम्ही माझ्यापासून लपवत राहिलात आणि मला कळलंय हे मी तुमच्यापासून. दर गणपतीत तिघंही त्या कपाटाला वळसा घालून चालत होतो.

राग आला नव्हता असं म्हणणार नाही. ऑडिट आहे म्हणून फोन कमी केले होते ना, ते ऑडिट नव्हतं. पण मग आठवलं, त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तुम्हाला केबिनमध्ये घेऊन काय सांगितलं असेल. मुलीला कळू देऊ नका, जिवाचं बरंवाईट करून घेईल. तेव्हा सगळे तसंच सांगायचे. मला 'गाठ होती, काढली, पिशवी लहान आहे' एवढं कळलं आणि आठ दिवस बाबांच्या हातची मुगाची खिचडी. मीठ विसरलेली. ती खिचडी आठवली की माझं भांडण तिथंच संपतं. एकच तक्रार उरते. त्या इस्ट्रोजेनच्या, म्हणजे बायकी संप्रेरकाच्या, गोळ्या कशासाठी आहेत ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मी त्या विशीतच सोडल्या आणि हाडं तिथं गेली. आता नियमित घेते. आई, लगेच डोळे पुसू नकोस, मनगट झकास आहे, पोळ्या लाटते.

छोटीच्या पिल्लूला दोन्ही बाजूंना हर्निया आहे हे तुम्हाला माहीत आहे. मुलीला दोन्हीकडे हर्निया म्हटल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. अशा शंभर मुलींमध्ये एखादी माझ्यासारखी निघते. ही निघाली. रिपोर्ट आला त्या दिवशी छोटीच्या सासूबाई काय म्हणाल्या माहीत आहे? "म्हणजे आत मुलगाच आहे! मग बाहेर काढा की ऑपरेशन करून." आधीच्या दोन मुली झाल्यावर त्या घरात पेढ्याऐवजी साखर वाटली होती, विसरला नसाल. वर तिच्या दिराने दाखला दिला, बीड जिल्ह्यातल्या त्या पोलीस शिपायाचा, जन्मापासून बाई म्हणून नोंद असलेल्या. 2018 मध्ये त्याचं पुरुष व्हायचं ऑपरेशन झालं, पुढे लग्नही झालं. अहो, पण तो माणूस तिशीच्या आसपासचा होता, स्वतः मागत होता, परवानगीसाठी हायकोर्टापर्यंत गेला होता. आपण कोण हे त्यानं सांगितलं, इतरांनी नाही. तीन वर्षांच्या पोरीला कुणी विचारलंय? ती बाहुलीला जेवण भरवण्यात गर्क आहे.

तिथं मी गप्प बसले असते तर मला तुमच्याकडे मान वर करून बघता आलं नसतं. बसले बैठकीत आणि सांगितलं, हिचं जे आहे तेच माझं आहे, बघा मला.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुम्ही दहावी 'ब'ला फळ्यावर काढायचात, एक्सएक्स मुलगी, एक्सवाय मुलगा. मग खडू आपटून म्हणायचात, "वाय बापाकडून येतो, तेव्हा मुलगी झाली म्हणून घरी आईला बोलणाऱ्याला माझ्याकडे पाठवा." मी पहिल्या बाकावर होते, हात वर करून उत्तर दिलं होतं आणि तुम्ही घरात लाड करत असूनही वर्गात 'शाब्बास' म्हणाला नव्हतात. दोन वर्षांनी तोच तक्ता माझ्या रिपोर्टवर तुमच्या हातात आला. तुम्ही त्या वर्षापासून आनुवंशिकतेचा धडा कुलकर्णी सरांना द्यायला लागलात, हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर लागलं.

धडा चूक नव्हता, अर्धा होता. वायवरचं जनुक, एसआरवाय, 1990 मध्ये सापडलं. ते फक्त वृषण तयार करायचा हुकूम देतं. पुढे शरीर पुरुषी व्हायला त्या वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचं ऐकावं लागतं, आणि ऐकायचं जनुक कुठं असतं? एक्सवर. पुरुष व्हायचा कान आईकडून येतो, बाबा! माझा तो कान बहिरा. टेस्टोस्टेरॉन दार वाजवत राहिलं, आत कुणी उठलंच नाही. म्हणून बाहेरून मी जन्मापासून मुलगीच. वृषणांनी दुसऱ्या एका संप्रेरकानं गर्भाशय मात्र होऊ दिलं नाही, तो हुकूम शरीरानं पाळला. म्हणून पाळी नाही. म्हणूनच तारुण्यपिटिकाही नाहीत. आत्या माझ्या कातडीचं कौतुक करायची ना, "हिला काही लावावं लागत नाही"! तिला सांगू नका कारण, राहू दे.

आई, 'आईकडून' वाचून तू इथंच थांबली असशील. पुढे वाच. तो एक्स तुला आजीकडून आला, आजीला तिच्या आईकडून. प्रत्येक खेपेला नाणेफेक. दादाच्या वेळी छाप पडला, माझ्या वेळी काटा. तू काही खाल्लंस, कुठं ग्रहणात बाहेर गेलीस, कुणाची नजर लागली, असलं काही नाही. गुरुवार धरू नकोस. आधीच सोमवार आणि चतुर्थी आहेत, ॲसिडिटीनं रात्रभर बसून राहतेस.

आणि थोरली मावशी. लग्नानंतर तीन वर्षांनी ट्रंकेसकट परत पाठवली होती तिला. वांझ म्हणून. मला वाटतं, तिलाही कावळा कधी शिवला नसेल. आजीनं तिला विचारलं असेल का गं कधी?

मी किती वाट बघायचे त्या कावळ्याची! आठवीत सगळ्या मैत्रिणींचं झालं. न्हाण, साडी, कुणाकुणाचं गुळखोबरं. मी परसात खरकटं टाकायला गेले की मुद्दाम थांबायचे, कावळे भाताची शितं उचलून जायचे. तू रात्री पाठीवरून हात फिरवत म्हणायचीस, "येईल गं, घाई काय आहे, नंतर कंटाळशील." तो हात अजून पाठीवर आहे.

पण गंमत बघ. ऑपरेशननंतर गौरीचा सोवळ्यातला स्वयंपाक कायमचा माझ्याकडे आला. "हिची अडचण नसते," आजी म्हणायची. सोळा भाज्या, पुरण, सगळं मी. वहिनीच्या डोहाळजेवणात तिनंच मला ओटी भरायला पुढे होऊ दिलं नाही. एकाच अंगाला एका घरात देवघरात सगळ्यात चोख आणि ओटीच्या ताटापाशी उणी ठरवलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की बाई म्हणजे काय ते ठरवणाऱ्यांचंच एकमत नाही.

2006 ला डिसेंबरात बाबांनी पेपर घडी करून गादीखाली ठेवला होता. मी काढून वाचला. दोहा एशियाडमध्ये शांती सौंदरराजनला 800 मीटरला रौप्य मिळालं होतं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं होतं. मला तेव्हा तुमचं वागणं कळलं नाही. 2013 मध्ये रात्र रात्र वाचत बसले तेव्हा एक स्पॅनिश अडथळा-शर्यतवाली सापडली, मार्तिनेझ-पातिन्यो, अगदी माझ्यासारखीच. 1985 ला चाचणीत एक्सवाय निघालं, विजेतेपदं गेली, शिष्यवृत्ती गेली. ती भांडली, तीन वर्षांनी जिंकली. जिच्या शरीराला टेस्टोस्टेरॉन ऐकूच येत नाही तिला त्याचा फायदा कसला, एवढा साधा मुद्दा. त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर झोपले.

मी कोण, हे मला गुणसूत्रांनी कधी सांगितलं नाही. एसटीत मागून कोपर लागलं तेव्हा त्या माणसानं रिपोर्ट मागितला नव्हता. रात्री दहानंतर बाबांचे तीन फोन दादाला कधी गेले नाहीत, मला आले. मुलाखतीत "लग्नानंतर नोकरी सोडणार का" मलाच विचारलं. तुझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला रजा काढायची कुणी, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. बाई असण्याचा सगळा कर मी वेळेवर भरलाय, आता कुणी कागद दाखवून पावती रद्द करू नये. आणि नुसता करच नाही हं. तुझ्या हिरव्या साडीत आरशासमोर उभी राहते तेव्हा मला जे वाटतं ते माझं आहे, ते कुठल्या प्रयोगशाळेला दिसत नाही.

तुमच्या जावयांना लग्नाआधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "मला जीवशास्त्रात पस्तीस होते." उगाच त्यांच्यापुढे अवघडू नका.

आता पिल्लूचं ठरलंय ते. हर्निया शिवायचा, वृषण आतच ठेवायचे, माझे 'गाठ' म्हणून काढले तसे काढायचे नाहीत. लहानपणी कॅन्सरचा धोका फार कमी असतो, आणि वयात येताना त्यांचंच टेस्टोस्टेरॉन अंगात इस्ट्रोजेन होतं, गोळीशिवाय. मोठी झाल्यावर तिचं तीच ठरवेल. तमिळनाडूत 2019 मध्ये, मद्रास हायकोर्टाच्या निकालानंतर, अशा लहान मुलांवर जिवावर बेतल्याशिवाय लिंग 'ठरवणारी' ऑपरेशनं बंदच केली. सासूबाईंना मी तेही ऐकवलं. त्यांचा चहा गार झाला.

तर ऐका. मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. पिवळी फाईल काढून ठेवा, छोटीच्या डॉक्टरांना हवी आहे. कपाट उघडताना आईनं स्टुलावर चढायचं नाही, बाबांनीही नाही, दूधवाल्याच्या पोराला सांगा. गिझरचा माणूस गुरुवारी येईल, पैसे दिलेत, परत देऊ नका. आईनं गुडघ्याचा पट्टा लावूनच फिरायचं. बाबा, पापड एक. लोणच्याची बरणी मी येऊन मोजणार आहे. आत्याला एवढ्यात काही बोलू नका, मी आले की मीच सांगेन. आणि रात्री दोघं अंधारात वेगवेगळ्या खोल्यांत बसून राहू नका, टीव्ही लावा.

छोटीनं एक मागितलंय. थोरल्या मावशीचा तो एकच फोटो आहे ना, देवघराच्या फडताळात, कॅलेंडरमागे. तो तिला हवाय, पिल्लूसाठी. फ्रेम करून देणार आहे ती. आई, तेवढा पुसून ठेव.

तुमची,
मनी