माईस, त्या फाइलीबद्दल

चि. माई,

अनेक आशीर्वाद. शनिवारी तू साडेआठच्या गाडीने गेलीस ती जेवता जेवता उठूनच. पिठलं ताटात तसंच राहिलं आणि आईने ते ताट तासभर उचललं नाही. पोचल्याचा मेसेज तू तिला केलास, मला नाही केलास, त्यातून काय समजायचं ते मी समजलो. फोन केला तर आपण दोघं फिरून तिथंच येणार म्हणून हे टाईप करतोय. पिंट्याने बोलून टाईप करायचं शिकवलंय पण तो फोन 'लेखा'ची 'रेखा' करतो, शेवटी बोटानेच चाललंय, त्यामुळे चुका पोटात घाल.

सहीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

आधी माफी. ज्या वसतिगृहाच्या अनुदानाची फाईल तुझ्या सहीसाठी अडलीय त्याच्या अधीक्षकाचा फोन आला होता हे मी तुझ्याकडे काढायलाच नको होतं, आणि जेवताना तर नकोच नको. मी म्हणालो बघ जरा, पोरांच्या जेवणाचा प्रश्न आहे, आणि दोन घासांनी लगेच म्हणालो की कागद पूर्ण असल्याशिवाय सही करू नकोस हां. तू म्हणालीस, अप्पा, करू का नको करू, एक काय ते सांगा. बरोबर होतं तुझं. माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी आवाज चढवला.

तुला वाटतं मला तुझ्या कामातलं काही कळत नाही. नसेल कळत. पण 2023 ची ती झेडपीची परीक्षा, आयबीपीएसवाली, तुझं सेंटर कुठल्या कुठं आलं होतं आणि मी बाहेर झाडाखाली चार तास बसलो होतो, ते आठवतं ना? वरिष्ठ सहाय्यक लेखा. गावात कुणी विचारलं पोरगी काय करते तर मी सरळ 'लेखाधिकारी' सांगतो, पद चांगलं वर चढवूनच. आई चिडते. मी म्हणतो होईलच की.

आरोग्यच्या टेबलावरून तुझी समाजकल्याणला बदली झाली त्या दिवशी मी पेढे वाटले आणि रात्री झोपलो नाही. म्हणजे बघ, दिव्यांग शाळांचे पगार, वसतिगृहांचं अनुदान, वस्त्यांची कामं, आंतरजातीय लग्नाचे पन्नास हजार, सेसमधले, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या पैशातले, मागासवर्गीयांचे 20 टक्के, दिव्यांगांचे 5 टक्के, सगळं एकाच खात्यात आणि प्रत्येकाचं लेखाशीर्ष वेगळं. गणपतीत तूच मला समजावलं होतंस आईच्या डब्यांवरून, की साखर संपली म्हणून तूरडाळीच्या डब्यात हात घालता येत नाही, भले दोन्ही डबे एकाच फळीवर असोत. मला ते इतकं आवडलं की मी पारावर चौघांना सांगितलं.

आणि शिलाई मशीनच्या यादीतल्या त्या बायकांचं. आता आधी स्वतःच्या पैशाने वस्तू घ्यायची, पावती द्यायची आणि मग खात्यात पैसे, हे ज्याने ठरवलं त्याला विधवा बाईच्या घरात रोख किती असते ते माहीत नसावं, पण ते जाऊ दे. बँका एकमेकींत मिसळल्या, जुने आयएफएससी गेले आणि काहींचे पैसे परत आले, तेव्हा तू एकेकीला स्वतः फोन लावून नवे पासबुक मागवलेस. हे तुझ्या कामात बसत नव्हतं. तुझी मैत्रीण बोलून गेली म्हणून कळलं, तू कुठं सांगतेस.

तुला पाचवीत सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती होती आठवतंय का, महिन्याला 60 रुपये, दहा महिन्यांचे 600. तुझ्या हातात पडले तेव्हा तू सातवीत होतीस आणि ज्या बुटांसाठी ते ठेवले होते ते बूट तोवर पप्पूला आले असते. ते पण याच खात्याचे पैसे. म्हणून मी म्हणतो फाईल अडकवू नये. आणि म्हणूनच म्हणतो घाईत सही पण करू नये. झालं, आलो परत तिथंच.

आता आलोच आहे तर लिहून टाकतो. मार्च जवळ येतोय. झेडपीला शासनाचा पैसा खर्चायला पुढच्या वर्षाचा मार्चसुद्धा मिळतो, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, तरी सगळ्या फायली 31 तारखेच्या संध्याकाळीच पाय फुटल्यासारख्या तुझ्या टेबलावर का येतात? बीडीएस, म्हणजे निधी खर्चायची ती ऑनलाइन चिठ्ठी, निघाली, सर्व्हर बसलाय, कोषागार बारापर्यंत उघडं आहे, साहेब म्हणाले, सभापती म्हणाले. म्हणणारे कागदावर नसतात. कागदावर तू असतेस. तोंडी सांगितलं तर टिपणीत लिही की अमुक कागद नाही, आदेशार्थ सादर, आणि खाली तारीख टाक. स्थानिक निधीचे ऑडिटवाले कधीकधी काही वर्षांनी येतात, विधिमंडळाची पंचायत राज समिती त्याच्याही नंतर, तोवर म्हणणारे कुठल्या कुठं बदलून गेलेले असतात, तुझी सही मात्र तिथंच. प्रमाणकाची, म्हणजे त्या व्हाउचरची, झेरॉक्स स्वतःकडे ठेव. डोळ्यांना त्रास होत असेल तर नंबर तपासून घे, रात्री अकराला आकडे वाचणं...

माफ कर. भाषण झालं. 1968 ची ती लेखा संहिता तू पाठ केलीस आणि मी तुला शिकवतोय.

तुला एक सांगायचं राहिलंय, आईला अर्धं माहीत आहे.

मार्च 1999. तेव्हा मी आमच्या संस्थेचं वसतिगृह सांभाळायचो. तू चार-साडेचार वर्षांची, वसतिगृहात मुलांच्या पंगतीत बसून त्यांच्याच ताटात जेवायचीस. 48 पोरं होती. वर्षभराचं अनुदान यायचं होतं आणि किराणावाल्याने तीन महिन्यांच्या उधारीनंतर तांदूळ द्यायचा बंद केला होता, मी तुझ्या आईच्या पाटल्या कशासाठी मोडल्या ते तिला विचार. 31 ला मी सकाळपासून त्या कार्यालयात उभा. उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच गेला या दाखल्यावर, आमच्या संस्थेच्या सचिवाची सही नव्हती, अध्यक्षाशी भांडून तो गावाला निघून गेला होता. लेखा शाखेत एक भाऊसाहेब होते, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. त्यांनी फाईल तीनदा परत केली. रात्री साडेदहाला मी त्यांना म्हणालो, साहेब, पोरांनी आज नुसतं वरण प्यायलंय. खोटं नव्हतं ते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आठ दिवसांत कागद आणून द्या म्हणाले आणि सही केली.

मी तो कागद जुलैत नेऊन दिला. सचिव आणि अध्यक्षाचं मिटायलाच तेवढे दिवस लागले. तोवर ऑडिट होऊन गेलं होतं. पॅरा, म्हणजे ऑडिटचा आक्षेप, निघाला, प्रमाणपत्र नसताना अनुदान अदा केलं म्हणून, आणि निघाला तो भाऊसाहेबांच्या नावावर. तो पॅरा काही केल्या मिटेना, ते रिटायर झाले तेव्हा त्यांची ग्रॅच्युइटी त्यापायी दोन वर्षं अडकून राहिली. पोरीचं लग्न होतं त्यांच्या. मला हे कळलं तेव्हा मी ज्वारीचं पोतं घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पोतं आत घेतलं नाही, मला मात्र आत घेतलं, चहा दिला, तुमची पोरं कुठवर शिकली विचारलं. बाकी एक शब्द नाही. मी पण माफी मागितली नाही, जीभच वळली नाही. पुढं ते वारले ते मला दहाव्यानंतर कळलं.

त्या 48 मधले दोघं आज मास्तर आहेत, एक एसटीत आहे, त्याच्याच गाडीने तू कधीकधी येतेस. त्या सहीने ते जेवले. म्हणून मला ती सही चूक म्हणता येत नाही आणि तू ती करावीस असंही म्हणता येत नाही. तू ज्या खुर्चीवर आहेस तिच्यासमोर मी उभा होतो गं, मी त्यांना तसं बोललो, आणि आता कुणीतरी तुला तसंच बोलेल आणि तू माझी पोरगी आहेस, तुझ्याने ऐकवणार नाही.

आज सकाळी त्या अधीक्षकाचा परत फोन आला. मी सांगितलं मी पोरीला बोलणार नाही. पण तो पोरगा नवा आहे, कागद कुठले लागतात तेच त्याला धड माहीत नाही, दरवेळी एक नवी त्रुटी निघते म्हणतो. तू एवढं कर, हजेरीपट, निरीक्षकाचा तपासणी अहवाल, ऑडिट केलेला हिशोब, प्रमाणपत्र, आणखी जे काय असेल ते एका कागदावर लिहून त्याचा फोटो मला पाठव. मी रविवारी त्याच्याकडे जाऊन बसतो आणि सगळं भरून घेतो, सचिवाच्या घरी जावं लागलं तरी जातो, मला आता वेळच वेळ आहे. मग फाईल तुझ्याकडे येऊ दे, आणि मग तुझं तू बघ.

तुझा डबा इथंच राहिलाय. गुरुवारच्या गाडीत त्या एसटीतल्या पोराकडे देतो, शेंगदाण्याची चटणी आणि थोडं मेतकूट आहे. स्टँडवर घ्यायला तू स्वतः जा, शिपायाला पाठवू नकोस.

अप्पा