ताई, तुम्ही तिला फांदीवर बसवलं नाहीत

प्रिय ताई,

तुमच्या रानातल्या वर्गाचा तिसरा आठवडा होता. माझी साडेचार वर्षांची लेक एका आडव्या फांदीला लोंबकळत होती, पार रडकुंडीला आलेली. तुम्ही हातभर अंतरावर उभ्या होतात, पण हात काही पुढे करत नव्हतात. तिला घ्यायला आलेली मी तरातरा तुमच्यापाशी आले आणि म्हणाले, "अहो, जरा उचलून बसवा की तिला!"

तुम्ही म्हणालात, "मी वर बसवलं, तर उतरायचं कसं ते तिला कळणार नाही."

मला ते अजिबात पटलं नव्हतं. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाले, फी भरून पोरीला रडायला पाठवतोय आपण. हे पत्र त्या न केलेल्या मदतीबद्दल आहे. तुमच्यामागे काय काय बोलले त्याची कबुलीही यातच धरा.

मन बदललं ते एका सकाळी. आम्ही चुकून अर्धा तास लवकर पोचलो, तर तुम्ही एकट्याच मान वर करून झाडांखालून फिरत होतात. अडकून राहिलेली वाळकी फांदी दिसली की ती बाजू बंद. गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, खालच्या फांद्या भार पेलतात का, सगळं हाताने तपासलंत. मग हद्दीच्या झाडांना लाल चिंध्या बांधल्यात. डोक्यावरची वाळकी फांदी मुलांना कळत नाही, ती मी बघायची; पायाखालची निसरडी मुळं त्यांना दिसतात, ती त्यांनी बघायची, असं तुम्ही सहज बोलून गेलात. निष्काळजीपणा म्हणून मी ज्याला नावं ठेवत होते, त्याच्यामागे रोजची एवढी राबणूक होती.

तुमच्याच सांगण्यावरून मग एलेन सॅण्डसेटर या नॉर्वेच्या संशोधक बाईंबद्दल वाचलं. लहान मुलांच्या धाडसी खेळांचे सहा प्रकार त्यांनी २००७ साली मांडले: उंची, वेग, धोक्याची अवजारं, आग-पाण्यासारख्या गोष्टींची जवळीक, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड होणं. लहानपणी हे सहाही मी केलेत. लेकीला मात्र सहाही बंद होते.

चिखलाचं माझं रडगाणंही तुम्ही मुकाट ऐकून घेतलंत. फिनलंडमध्ये बालवाड्यांच्या अंगणात रानातली माती आणि झुडपं आणून टाकली, मुलं रोज त्यात खेळली, आणि २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली. प्रतिकारशक्तीच्या काही खुणाही सुधारलेल्या दिसल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहानसाच आहे, त्यावरून फार उड्या मारू नयेत हे मला कळतं. कपडे धुताना तेवढाच आधार!

सगळ्यात आवडला तो ओंडक्याचा नियम. ओंडका उचलायचा, हवा तेवढा वेळ बघायचं आणि होता तसाच, त्याच खड्ड्यात, अलगद परत ठेवायचा. का, तर ते कुणाचं तरी छप्पर आहे. हल्ली लेक घरातली पायपुसणीसुद्धा उचलून खाली बघते आणि नीट परत ठेवते. दर आठवड्याला तेच रान, तीच झाडं. मला वाटलं होतं मुलं कंटाळतील. पण गेल्या खेपेला बुरशीची छत्री कुठे होती आणि आता तिचं काय झालं, हे नेमकं त्यामुळेच त्यांना सांगता येतं.

सातव्या आठवड्यात ती चढली. फांदी जेमतेम माझ्या कमरेइतकी उंच. आधी गुडघा, मग पोट, मग कशीबशी टांग पलीकडे. माझे हात आपोआप पुढे गेले होते, तुमच्याकडे बघून मागे घेतले. मला वाटलं, आता "आई, बघ!" म्हणेल. छे! तिने वळूनही पाहिलं नाही. फांदीवरून मुंग्यांची रांग चालली होती, ती बघत बसली. उतरताना गुडघा खरचटला. रडली, पण थोडंच. मग खाली धडपडणाऱ्या मैत्रिणीला सांगू लागली, "तिथे नाही गं, पाय इथे ठेव." उचलून मात्र दिलं नाही हं तिनेही.

काल सकाळी बूट तिचे तिला घालू दिले. अकरा मिनिटं लागली, डावा-उजवा उलटे झाले. तसेच निघालो.

तुमची आभारी,
तुमच्या एका मुलीची आई